पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर

अक्का, शोकसभेत सगळे तुम्हाला शांत म्हणाले. शांत, मनमिळाऊ, सोशिक. एकेक जण उठत होता आणि हेच तीन शब्द पुढेमागे करून खाली बसत होता. तुम्ही आमच्या संशोधनाला मोलाचं सहकार्य केलंत, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. मी मागच्या बाकावर तुमच्या धाकट्या बहिणीशेजारी बसले होते. ती पदराआडून माझ्या कानात म्हणाली, "ह्या कोनाबद्दल बोली राह्यनात व?" मला हसू फुटलं. वळून पाहणाऱ्यांना वाटलं, पोरीला हुंदका आला.

सोशिक म्हणे! एका विद्यार्थ्यानं जिल्ह्याच्या पिकांचा चकचकीत रंगीत नकाशा आणला होता आणि तो जवळजवळ शंभर टक्के अचूक आहे असं तो छाती काढून सांगत होता. तुम्ही विचारलंत, "यातली किती शेतं पायानं पाहिलीस?" तो म्हणाला, "एकही नाही, मॅडम." तुम्ही नकाशा टेबलावर पसरलात, डब्यातला चिवडा त्यावर ओतलात आणि म्हणालात, "घ्या रे सगळ्यांनी. नकाशा कामाला आला."

चिवडा ओतणारी ती बाई त्या सभेत कुठेच नव्हती. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला आवडेल की नाही याचा विचार न करता. तुमच्या जिवंतपणीही तो मी फारसा केला नव्हता.

कॉलेजच्या भूगोल विभागात तुमचं पद प्रयोगशाळा सहायकाचं. नकाशांच्या गुंडाळ्या झटकायच्या, यंत्रं पुसून ठेवायची, कपाटाच्या किल्ल्या सांभाळायच्या, एवढंच काम तुम्हाला दिलेलं होतं. उपग्रहाची चित्रं वाचायला तुम्ही स्वतःच शिकलात, सगळे घरी गेल्यावर, लॅबमधल्या सगळ्यात जुन्या संगणकावर. आणि मग रविवारी सकाळी ज्याला शिकायचं त्याला शिकवायला लागलात. कुणी विचारलं नाही, तुम्हीही कुणाला विचारलं नाही.

मी तुमच्या वर्गात आले ती पुरावे शोधत. माझ्या वडिलांचा जळगावात छोटा छापखाना होता. कामगारांची, शेतमजुरांची, संपाची, मोर्चाची पत्रकं तिथे छापली जायची आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. जाड ठशातल्या मथळ्याखाली जग दोन भागांत वाटलेलं असतं हे मला शाळेच्या आधी कळलं. पण पत्रक वाचून समोरचा विचारायचा, "पुरावा काय?" मला वाटलं, आकाशातून काढलेल्या फोटोला तर कुणी असं विचारणार नाही. तुम्ही माझा हेतू ऐकून घेतलात आणि म्हणालात, "बरं, पत्रकवाली. आज कुणाचा निषेध?" तेव्हापासून तुमच्या तोंडी माझं नाव पत्रकवालीच राहिलं.

पहिला धडा जळगावातल्या मेहरूणच्या तलावाचा होता. तुम्ही समजावलंत की आपल्या डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश जिवंत पान जोरात परत फेकतं. उपग्रहाला तो दिसतो, आणि चित्रात तो लाल रंगानं दाखवायची रीत आहे. जिथे लाल, तिथे हिरवं. मी हे सूत्र पाठ केलं, शेतांचे चार नमुने खुणा करून संगणकाला दिले आणि सांगितलं, आता अशीच सगळी शेतं शोध. त्यानं शोधली. तलावाच्या कडेचं शेवाळही त्यानं शेत ठरवलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे पाहिलंत. "शाबास. आता नांगर घेऊन जा. पेरणी बोटीतून कर."

वर्ग हसला. मी चिडले. "चूक संगणकाची आहे," मी म्हणाले.

"नमुने कुणी दिले?"

"मी."

"मग तो तुझंच ऐकतोय. तुझ्याहून आज्ञाधारक कुणीतरी भेटलं म्हण."

पुढच्या दीड वर्षात तुम्ही मला एकेक पायरी चढवलंत. आधी एकेक ठिपका वाचायचा. मग सारख्या ठिपक्यांना एकत्र बांधून त्यांचे तुकडे पाडायचे, म्हणजे शेताच्या कडा आपोआप दिसू लागतात. मग एकाच जागेची अनेक वर्षांची चित्रं एकमेकांवर रचायची आणि ती जमीन कशी जगते ते पाहायचं. मला शेवटच्या पायरीचा कंटाळा होता. वर्षानुवर्षांची चित्रं गोळा करा, ढग काढा, एकमेकांशी जुळवा. मला एक चित्र पुरायचं. एका चित्रावर पत्रक तयार होतं.

तसं पत्रक मी छापलंच. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या तुमच्या माहेरच्या गावाचं चित्र मी सरावासाठी उघडलं होतं. ते तुमचं माहेर आहे हे मला माहीत नव्हतं. बंधाऱ्याखाली सगळी जमीन करपलेली आणि मधोमध एक भलामोठा, सरळ कडांचा, एकाच पिकाचा तुकडा लालभडक, म्हणजे हिरवागार. तुकडे पाडण्याच्या पद्धतीनं तो संबंध एकच शेत म्हणून बाहेर काढला. मला आणखी काय हवं होतं? माझ्या डोळ्यासमोर जमीनदार उभा राहिला, मिशीसकट. रातोरात मी लिहिलं: "पांझरेचं पाणी पिणारा हा एकटा कोण? शंभर घरं तहानलेली आणि एकाचं शेत हिरवं!" वडिलांनी छापून दिलं.

गठ्ठा घेऊन मी तुमच्याकडे आले, शाबासकी घ्यायला. तुम्ही एक प्रत उचललीत. वाचलीत. परत वाचलीत.

"किती छापली?"

"पाचशे."

"वाटलीस?"

"उद्या धुळ्यात वाटणार."

"उद्या सकाळी सहाची एसटी. गठ्ठा बरोबर घे."

धुळ्याला बस बदलली तेव्हा फक्त "भजी खाशील?" एवढं विचारलंत. गावात उतरलो, तर पाटाच्या कडेला फावडं खांद्यावर टाकून एक म्हातारा उभा होता. धुडकू आबा, गावाचे पाटकरी. पाटाचं पाणी शेताशेतात सोडण्याचं काम त्यांच्याकडे. तुम्ही माझं पत्रक त्यांच्या हातात दिलंत. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही मलाच मोठ्यानं वाचायला लावलंत. ते मी विसरलेले नाही.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "कोनी सांगं तुले? उपग्रहनी?"

"हो."

"उपग्रहले तहान लागस का?" आणि तो हिरवा तुकडा हातानं दाखवत म्हणाले, "एकलानं काय शे अठे? बठ्ठास्नं शे."

एकट्याचं नाही, सगळ्यांचं. तो फड होता. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना सांगते. पांझरेच्या बंधाऱ्यांखालच्या जमिनी फडांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक घराची पट्टी प्रत्येक फडात असते. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी गाव बसून ठरवतं की यंदा हे दोन फड कोरडे ठेवायचे आणि तिसरा पुरता भिजवायचा, अगदी शेवटच्या वाफ्यापर्यंत. मी पाहिलेलं चित्र तशाच वर्षाचं होतं. तो तुकडा शंभर घरांचा होता. बांध इतके बारीक, की वरून दिसतच नाहीत. लोकांनी तहान वाटून घेतली होती आणि मी तिला चोरी म्हटलं होतं.

तुमच्या बहिणीनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी म्हणाले, ही पत्रकं जाळून टाकते. तुम्ही म्हणालात, "कागद चांगलाय. मागची बाजू कोरी आहे. उद्यापासून इथलं प्रत्येक शेत पायानं बघायचं आणि या कोऱ्या बाजूवर लिहायचं. नकाशा काय म्हणतो, जमीन काय म्हणते."

हे सगळं सराव म्हणूनच संपलं असतं. पण चार महिन्यांनी एक अहवाल आला. बंधाऱ्याचं पाणी बंद नळातून उचलून कारखान्यांच्या वसाहतीला न्यायची योजना होती, आणि तिच्यासाठी एका सल्लागार कंपनीनं जमिनीचा नकाशा केला होता. नकाशात तुमच्या गावाचे दोन फड "पडीक" होते, पाट "वापरात नसलेला" होता आणि हिरवा तुकडा विहिरींवर भिजतो असं लिहिलं होतं. निष्कर्ष असा, की या गावाला बंधाऱ्याच्या पाण्याची गरज उरलेली नाही. त्यांनी कुठलं चित्र वापरलं ते तुम्ही मागच्या परिशिष्टात शोधून काढलंत आणि पडद्यावर उघडलंत.

तेच होतं. माझं. मी ज्या चित्रावरून जमीनदार शोधला, त्याच चित्रावरून त्यांनी ओसाडी शोधली होती.

त्या दिवशी मी तुम्हाला खरं रागावलेलं पाहिलं. माझ्यावर रागावताना तुम्ही प्रमाण मराठीत रागवायचात. त्या दिवशी अहिराणीत. "गावले न ईचारता गाव मारी टाकतस!" आणि लगेच संगणकाकडे वळून तुम्ही कामाला लागलात. जितकी वर्षं मिळतील तितक्या वर्षांची चित्रं. पावसाळ्यात ढगांनी झाकलेल्या महिन्यांसाठी रडारची चित्रं, कारण रडार ढगांतून पाहतं. मी ज्याला कंटाळायचे ते सगळं तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. सगळी चित्रं रचून झाली तेव्हा तुम्ही ती भराभर एकामागून एक फिरवलीत, आणि तो हिरवा तुकडा हलला. कधी वरच्या फडात, कधी मधल्या, कधी खालच्या. चांगल्या पावसाच्या वर्षी तिन्ही भरलेले.

"विहीर चालते का ग?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

"पडीक जमीन दोन वर्षांनी उठून शेजारी जाऊन बसते का?"

"नाही."

"मग हे काय चालतंय?"

"गावाचा निर्णय," मी म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. दीड वर्षात मला मिळालेली पहिली शाबासकी ती, आणि तीही मानेनं.

आता आपल्या शेवटच्या भांडणाकडे येते. ते सोडून पुढे गेले तर हा लेख खोटा होईल.

योजनेवरच्या हरकती ऐकायला धुळ्यात सुनावणी लागली होती; तिथे देण्यासाठी आपला नकाशा तयार होता. त्याला तुम्ही चुकांचा तक्ता जोडलात. आपण पायानं पाहिलेल्या शेतांपैकी किती ठिकाणी नकाशा बरोबर आला, किती ठिकाणी चुकला आणि चुकला तर कशाला काय म्हणाला. उसाला मका म्हटलं. कांद्याच्या कोवळ्या रोपाला पडीक म्हटलं. तक्ता मला मान्य होता. पण तुम्हाला शेतावर लिहिलेले मूळ कागदही जोडायचे होते. ते कागद म्हणजे माझी पत्रकं. मी ते सगळं एका वहीत स्वच्छ उतरवून मेहरूणला तुमच्या घरी आणलं. तुम्ही खाटेवर होतात. ताप आहे म्हणालात. तो नुसता ताप नव्हता हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

"मूळ कागद कुठे आहेत?"

"घरी."

"तेच द्यायचे."

"अक्का, त्यांच्या मागे काय छापलंय ते ठाऊक आहे ना? गावातला एकटा माणूस पाणी पळवतो, असं मीच लिहिलंय. त्यांनी कागद उलटला की संपलं."

"उलटू दे."

"त्यांनी स्वतःच्या चुका लिहिल्यात का? एक तरी ओळ?"

"त्यांनी नाही लिहिल्या म्हणून तर त्यांचा नकाशा खोटा."

"लढाईत आपल्या हातानं समोरच्याला दगड द्यायचा?"

"वहीत उतरवलेलं कुणीही घरी बसून लिहू शकतं. चिखलाचे डाग असलेला कागद घरी बसून होत नाही. एवढं तरी कळतं का तुला?" तुम्हाला खोकला आला. खोकला थांबल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. "जा. बस चुकेल."

मी गेले. पाणीही न पिता गेले. चार दिवसांनी तुमच्या बहिणीचा फोन आला.

मी तेव्हा बोलले नाही ते आता बोलते. मला पत्रकाची भीती वाटत नव्हती, अक्का. मला हसण्याची भीती वाटत होती. मेहरूणच्या तलावावर वर्ग हसला होता तसं एक अख्खं सभागृह हसेल, आणि या वेळी ते हसणं गावाला महागात पडेल. आणि दुसरं असं, की तुम्ही मला चुकताना पकडलंत याबद्दल मी मनातून तुमची ऋणी होते. माझ्या घरात सगळे नेहमी बरोबरच असायचे. चुकून परत उभं कसं राहायचं हे मला तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत वही आणि गठ्ठा दोन्ही माझ्या पिशवीत होते. सकाळी एसटी पकडायला निघताना मी वही घरी ठेवली.

धुळ्याच्या त्या सभागृहात पुढे अधिकारी, बाजूला कंपनीचा माणूस आणि मागे गाव. आबा, तुमची बहीण आणि आणखी पंचवीसेक जण. मी चित्रं फिरवून दाखवली, फड चालताना दाखवला. मग गठ्ठा टेबलावर ठेवला. कंपनीच्या माणसानं वरचा कागद घेतला, पाहिला आणि उलटला. त्याचा चेहरा उजळला. उभं राहून त्यानं खणखणीत आवाजात वाचलं, "पांझरेचं पाणी पिणारा हा एकटा कोण?" आणि अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाला, "साहेब, यांचं यांनाच माहीत नाही. कधी म्हणतात एकाचं, कधी म्हणतात सगळ्यांचं."

सभागृह हसलं. मागचं गाव नाही हसलं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. मीच लिहिलं. साफ चुकीचं लिहिलं." मी म्हणाले. "एक चित्र बघून, गावात न जाता लिहिलं. यांनी अहवाल लिहिला तोही हेच चित्र बघून. परिशिष्ट उघडा, तारीख जुळवा. आम्ही दोघांनी एकच चूक केली, साहेब. फरक कागदाच्या दुसऱ्या बाजूला आहे. चुकल्यावर मी गावात गेले, शेत न् शेत पाहिलं आणि माझ्याच पत्रकाच्या पाठीवर लिहिलं. आमच्या चुकांचा तक्ता तुमच्या हातात आहे. यांचा कुठे आहे?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "आमची अचूकता सॉफ्टवेअरनं काढलेली आहे."

"गावात कोण गेलं होतं?"

तो कागद चाळू लागला. मागून आबा उठले. "साहेब, कोनीच नही उनं. उनं असतं तं भाकर खाईसन जातं."

या वेळी सगळे हसले, आणि त्या हसण्यानं मी मोडले नाही.

अधिकाऱ्यांनी अहवाल बाजूला ठेवायला सांगितला. दोन्ही बाजूंनी एकत्र जाऊन शेतांची पाहणी करायची, मग निर्णय. हा विजय नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुम्ही बरोबर होतात असंही मी सरळ म्हणणार नाही. अधिकाऱ्यांच्या त्या खुर्चीत दुसरा कुणी असता, तर तो एक कागद गावाच्या गळ्याभोवती आवळला गेला असता. धोका खरा होता. तो घेणंच बरोबर होतं, एवढंच आता मान्य करते. यावर तुम्ही काहीतरी खवचट बोलला असता. ते काय, हे मला सुचत नाही, आणि त्या जागी मी रोज अडखळते.

एक गोष्ट मी तुमच्या मनाविरुद्ध केली. नकाशाच्या पहिल्या पानावर तुमचं पूर्ण नाव घातलं, खाली पदही: प्रयोगशाळा सहायक. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाखाली काम करत राहिलात आणि "नावात काय आहे" म्हणत राहिलात, हे मला कधीच पटलं नाही. नाव गाळणं हीसुद्धा नकाशातली चूक आहे, आणि ती तुमच्या तक्त्यात कधी आली नाही. विभागप्रमुखांचा फोन आला. म्हणाले, विभागाचं नाव घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "सर, तुम्ही शोकसभेत घेतलंत की." त्यांनी फोन ठेवला.

रविवारचा वर्गही चालू आहे. लॅबची किल्ली देत नाहीत, म्हणून आम्ही छापखान्यात बसतो. गेल्या रविवारी एका मुलीनं पांढऱ्या कापडानं झाकलेल्या केळीच्या रोपांना तळं ठरवलं. मी तिला नांगराऐवजी होडी घेऊन जायला सांगितलं. तिला राग आला. चांगला आला.

पाहणीची तारीख अजून कळलेली नाही. परवा आबांचा फोन आला. गाव बसलं होतं. यंदा वरच्या फडात गहू, मधल्यात हरभरा, खालचा कोरडा. घरटी एक माणूस येऊन पाटातला गाळही काढून झाला. मी म्हणाले, "आबा, निर्णय येईपर्यंत थांबायला नको का?"

"कसाले?" आबा म्हणाले. "हरभरा थांबस का?"

काल सकाळी त्यांनी पाणी सोडलं. मी बांधावर होते. मधल्या फडाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत जायला पाण्याला दुपार टळली. मी त्याच्या बाजूनं चालत गेले, तुम्ही शिकवलं तसं, वेळ आणि जागा टिपत. शेवटचा वाफा एका विधवा बाईचा आहे. ती पदर खोचून बांधावर बसली होती. कुठे अडलं का म्हणून तिनं मला एकदाही विचारलं नाही. पाणी आलं, तिनं पायानं वाफ्याच्या तोंडची माती सारली आणि ते आत घेतलं.